तपकिरी टिपक्यांची बाग

लोक नोकरीत माणसं सांभाळतात, गाड्या सांभाळतात, तिजोऱ्या सांभाळतात. मी रोग सांभाळला. लातूरच्या बाहेर एका खासगी द्राक्ष संशोधन केंद्रात माझी उभी हयात गेली आणि तिथं माझं काम एकच होतं, द्राक्षाचा रोग जिवंत ठेवायचा, त्याला मरू द्यायचं नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग कीव आल्यासारखे माझ्या बायकोकडं बघायचे. रझियानं तर लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हाच विचारलं होतं, "क्या जी, बीमारी पालने की तनखा देते क्या तुमकू?" देतात म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला होता. तिचाही दोष नाही. माझे अब्बा नालबंद, देवणीच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे. त्यांचं काम कुणालाही दिसायचं, ऐकू यायचं. माझं काम समजावून सांगतानाच पाहुण्यांचा चहा गार व्हायचा.

आता निवृत्त झालोय, चहा गार झाला तरी चालतो, म्हणून निवांत सांगतो.

मी पाळलेल्या रोगाचं पुस्तकातलं नाव केवडा. अत्तराच्या केवड्याशी त्याचा काही संबंध नाही. शेतकरी त्याला डाऊनी म्हणतात. पानाच्या वरच्या अंगाला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग पडतो आणि पान उलटं केलं की बरोबर त्याच जागी पांढरी लव दिसते. ढग रेंगाळले, धुई म्हणजे धुकं पडलं की ही लव पानावरून फुलोऱ्यावर आणि घडांवर उतरते आणि बघता बघता बागेचं होत्याचं नव्हतं होतं. म्हणून द्राक्षवाला औषध मारतो. ढग आले म्हणून मारतो, ढग येतील म्हणून मारतो, शेजाऱ्यानं मारलं म्हणून तर मारतोच मारतो. द्राक्षाच्या बागेत हंगामभर राहिलेल्या माणसाच्या कपड्यांना औषधाचा असा वास लागतो की तो धुऊनही जात नाही.

आमच्या केंद्रातल्या वैशाली मॅडमना हे थांबवायचं होतं. मॅडम मूळच्या नांदेडच्या. बोलायला मऊ आणि कामात कडक. पांढऱ्या वाईनसाठी लागणाऱ्या द्राक्षाला चव असते, वास असतो, पण अंगात दम नसतो. उलट रानटी वेलीच्या अंगात रोगाशी झुंजायची ताकद असते, पण तिचं फळ तोंडात धरवत नाही. मॅडम या दोघांची सोयरीक जुळवायच्या. त्यांच्या पोटी जी रोपं यायची ती पुन्हा चवदार वेलीशी जोडायच्या, मग त्यांची पोरं पुन्हा. अशी रोपंच रोपं व्हायची, आणि त्यांतलं कुणी आईची चव आणि बापाची ताकद दोन्ही घेऊन आलंय का, ते शोधायचं. ताकद शोधायची तर रोपाला रोग द्यावाच लागतो. म्हणून मी.

केवड्याची एक खोड आहे आणि ती वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढं तिचं काम पडणार आहे. हा रोग मेलेल्या पानावर जगत नाही. इतर कितीतरी बुरश्या बशीत वाढतात, याला ते चालत नाही. याला जिवंत, रसरशीत, कोवळं पानच पाहिजे. म्हणून मी एका काचघरात बारा महिने नाजूक वेली वाढवायचो आणि त्या याला खाऊ घालायचो. एक वेल संपत आली की दुसरी पुढं करायची. संध्याकाळी ऊन उतरलं की पानांवरची पांढरी लव मऊ ब्रशनं गार पाण्यात धुऊन घ्यायची, मॅडम ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हो म्हणाल्या की ते पाणी छोट्या पंपात भरून नव्या रोपांच्या पानांवर खालच्या अंगानं मारायचं. सगळं जग पानावर औषध मारून राहिलं आणि मी रोग मारून राहिलो, असा सगळा उलटा कारभार.

उन्हाळा आला की माझे हाल. लातूरचा मे महिना आणि त्यात लाइट गेली की काचघराची भट्टी व्हायची. एकदा वीज गेली ती येईचना. केवडा माझ्या डोळ्यांदेखत वाळायला लागला. मग मी दोन कुंड्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या, रिक्षात घातल्या आणि घरी आणून न्हाणीत ठेवल्या. घरातलं कुणी अंघोळीला जायचं म्हटलं की मी आधी आत जाऊन पानं सरकवायचो. मॅडमचा फोन आला, "युनूसभाई, तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे मॅडम, जरा घसा धरलाय. त्या म्हणाल्या, "तुमची नाही हो, रोगाची." रझियानं हे ऐकलं आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

गिऱ्हाइकंही अजब यायची. खरं तर आमच्याकडं विकायला काही नव्हतं. तरी एकदा मुदखेडकडचा एक गडी मला शोधत आला. इकडचं तिकडचं झालं, मग जवळ सरकून म्हणाला, "भाई, तुमच्यापाशी रोग हाय म्हणं. जरासा द्या की." कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाला, "भावाच्या बागंत सोडायचाय. वाटणीत पाण्याकडची बाजू त्यानं घेतली ना." मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं वाटेला लावला. जाताना दाराशी थांबून त्यानं विचारलं, "मग दवा तरी हाय का त्याच्यावर? उद्या आमच्याच बागंत आला तर?"

मॅडमच्या त्या हजारो रोपांमध्ये एक पांढऱ्या द्राक्षाची वेल होती. तिला नाव नव्हतं, लांबलचक नंबर होता, म्हणून आम्ही तिला नुसतं पांढरी म्हणायचो. तिच्यावर मी पहिल्यांदा रोग मारला, त्यानंतर काही दिवसांनी सकाळी काचघर उघडलं तर आजूबाजूची सगळी रोपं पांढऱ्या लवेनं माखलेली. माझ्या दृष्टीनं काम फत्ते. पांढरीची पानं उलटी केली तर लव नाही. वर बघितलं तर पानभर तपकिरी टिपके, सुईच्या टोकाएवढे. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि पान फिरवून पुन्हा बघितलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"युनूसभाई, रोगाला जिवंत पान लागतं ना?"

"हो."

"हिनं काय केलं, तो जिथं आत शिरला तिथलं आपलंच अंग मारून टाकलं. फक्त तेवढं. आता त्याच्या चारी बाजूंनी मेलेलं पान. खायला काही नाही. तो उपाशी मेला."

त्या पानाला डोळे नाहीत, डोकं नाही. दार कुठून वाजलं हे त्याला कसं कळलं? आणि कळल्यावर, आपलं किती जाळायचं आणि कुठं थांबायचं हे कुणी सांगितलं? जास्त जाळलं असतं तर पान गेलं असतं, कमी जाळलं असतं तर रोग पुढं सरकला असता. ज्याला मी वर्षानुवर्षं जेवू घातलं होतं, त्याच्यापुढचं ताट हिनं एका रात्रीत ओढून घेतलं होतं. मी भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. त्या दिवशी मी किती पानं बघितली ते मलाच ठाऊक नाही. मॅडम हसत होत्या, पण त्यांचेही डोळे भरले होते.

काचघरात टिकणं वेगळं आणि शेतात टिकणं वेगळं. शेतात बघायचं म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची जमीन हवी आणि छातीही हवी, कारण त्या तुकड्यावर औषधाचा थेंब मारायचा नाही. त्यातही दर काही ओळींनंतर एक ओळ नाजूक द्राक्षाची ठेवायची आणि तिलाही काही मारायचं नाही. शेतात रोग आम्ही नेऊन टाकत नाही, तो आपल्या पायानं येतो. ती नाजूक ओळ म्हणजे त्याच्यासाठी उघडं ठेवलेलं दार. आम्ही तिला रोगाची ओळ म्हणतो. हे ऐकून बहुतेक शेतकरी हात जोडायचे. तयार झाले ते शिरूर अनंतपाळकडचे माधवराव.

माधवरावांची बाग म्हणजे त्या शिवारातली एकुलती एक द्राक्षाची बाग. सगळीकडं सोयाबीन आणि तूर, आणि मध्ये यांच्या तारा. खांब त्यांनी स्वतः रोवलेले, तारा स्वतः ओढलेल्या. पण फवारणी करून करून माणूस आतून पोखरला होता. दम लागायचा, हातांची कातडी सोलून निघायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधाच्या पंपाला हात लावायचा नाही. त्यांच्या बायको सुमनवहिनी यांनी तेव्हाच निर्णय सांगून टाकला, बाग तोडायची. माधवरावांनी जेवण सोडलं. शेवटी मधला मार्ग निघाला तो आमच्या पांढरीचा. निम्म्या बागेत जुन्या खुंटांवर पांढरीची कलमं बांधायची, उरलेली निम्मी तोवर न छाटता पडीक ठेवायची. कलमं धरून वेली तारेवर गेल्या की एक हंगाम औषधाशिवाय बघायचं. टिकली तर सगळी बाग पांढरीची होईल. नाही टिकली तर तारा सोडायच्या.

"भाई, तुमची येल टिकली तर माझी बाग टिकंल," माधवराव मला म्हणाले होते. वहिनी मागून म्हणाल्या, "आन न्हाई टिकली तर माणूस तरी टिकंल." दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण होती.

मौज अशी की हे वाईनचं द्राक्ष, आणि माधवरावांच्या गळ्यात माळ, माझं तर काय सांगायलाच नको. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला यावरून टोकलंही होतं. मी त्यांना पांढरीचे मणी खायला दिले. बारीक, बियांचे, आधी आंबट आणि मग मागून गोड. त्यांनी अख्खा घड संपवला आणि म्हणाले, "याचा नुसता रस काढा की, बाटलीत कशाला सडवता?" त्यांचं म्हणणं मी मॅडमपर्यंत पोचवलं आहे.

दोन वर्षांत वेली तारांवर गेल्या. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात छाटणी झाली, डोळे फुटले, कोवळी फूट हातभर झाली आणि परतीचा पाऊस येऊन चिकटला. पाऊस थांबला तर धुई. असली हवा केवड्याला जेवणाचं आमंत्रणच. मी मनातून खूश होतो, कारण आता खरी परीक्षा होणार होती. मी माधवरावांना पुन्हा एकदा सगळं समजावलं, रोगाची ओळ जाईल, जाऊ द्या, पांढरीवर तपकिरी टिपके येतील, येऊ द्या, तेच पाहिजे. ते म्हणाले, "हाव हाव, ध्यानात हाय." मग मी भाचीच्या लग्नाला नांदेडला गेलो.

परत आलो तो फोन वहिनींचा. माधवराव लातूरच्या दवाखान्यात.

मी धावत गेलो. नाकाला नळी लावलेली, छाती भात्यासारखी हलत होती. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. वहिनी पलंगाशी उभ्या होत्या.

"विचारा त्यास्नी, काय केलं ते."

माधवराव थांबत थांबत बोलले. "भाई, रोगाची ओळ लई बेकार झाली. समदी पांढरीफट. मग म्या पांढरीकडं बघितलं. डाग. समद्या पानावर डाग."

"तपकिरी ना दादा? मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. ऐकलं बी व्हतं. पन डोळ्याला डाग दिसला की हात थांबतच न्हाई हो. वीस वर्सं झाली याला. माझ्या हाताला ठावं न्हाई दुसरं काई."

पहाटे वहिनी गोठ्यात असताना त्यांनी मोरचूद आणि चुना कालवला, तोंडाला उपरणं गुंडाळलं, जुना पंप पाठीवर घेतला आणि मनाई असलेल्या त्या तुकड्यातली ओळ न् ओळ मारून काढली. मला का नाही बोलावलं, विचारलं तर म्हणाले, "लग्नाच्या घरी कशाला तरास द्यायचा." ओसरीवर येऊन पंप उतरवला आणि तिथंच खाली बसले.

त्यांचा जीव आधी. पण मनात एकच घंटा वाजत होती. मोरचूद मारलेल्या पानावर रोग दिसला नाही तर तो वेलीनं रोखला की मोरचुदानं, हे आता अल्लाच सांगू शकेल. हंगाम गेला होता. आणि हंगाम एकच मिळाला होता.

वहिनींनी मला व्हरांड्यात नेलं. "भाई, तुमच्यावर माझा राग न्हाई. पन आता ऐका. बाग तोडायची. तारा काढून न्यायला तारवाल्याला निरोप धाडलाय म्या. ती बाग हाय तवर ह्यो मानूस पंपाला हात लावनार. येल चांगली का वाईट, मला काय करायचं त्याचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि मी बागेत गेलो. काय उरलंय ते तरी बघावं. ओळीमागून ओळ निळसर डागांनी भरलेली. माधवरावांचा हात मोठा सराईत, एक पान सोडलेलं नव्हतं. मी प्रत्येक ओळीच्या टोकापर्यंत जात होतो, आशा म्हणून नाही, सवय म्हणून.

बागेच्या खालच्या टोकाला जमादार बांधलेला असायचा. जमादार म्हणजे माधवरावांचा देवणी बैल, अंगानं पांढरा, तोंड आणि कान काळे. फार पूर्वी वाऱ्यानं औषधाचा फवारा त्याच्या डोळ्यांत गेला होता. तेव्हापासून पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला की तो शिंगं खाली घालून अंगावर यायचा, मग तो मालक असला तरी. त्याची दावण बागेच्या शेवटच्या खांबाला लागूनच होती आणि पांढरीच्या शेवटच्या दोन-तीन वेली बरोबर त्याच्या डोक्यावर आलेल्या.

मी थबकलो. पंप घेऊन माधवराव तिथं जाणंच शक्य नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "युनूसभाई, नका जाऊ, मारेल तो." पण मी नालबंदाचा पोरगा. अब्बांनी शिकवलं होतं, बैलाच्या समोरून जायचं नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या बाजूनं जायचं, बोलत जायचं आणि पहिला हात खांद्यावरच ठेवायचा. मी बोलत गेलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा त्याला त्याच्या मालकाची हकिकत सांगितली. त्यानं एकदा फुरफुर केलं आणि मग मान वैरणीत घातली.

मी वर बघितलं. निळा डाग नाही. एकही नाही. त्या वेलींना औषधाचा शिंतोडा लागला नव्हता. आणि शेजारीच रोगाच्या ओळीचं टोक, पार खलास, पानं करपून लोंबत होती आणि उरलेल्यांच्या पाठी पांढऱ्या. तिथून वाऱ्याबरोबर किती रोग या वेलींवर पडला असेल याची मोजदाद नाही. मी पांढरीचं एक पान उलटं केलं. स्वच्छ. दुसरं केलं. स्वच्छ. सूर्यासमोर धरलं तर हिरव्यागार पानात तपकिरी टिपके, सुईच्या टोकाएवढे. जिथं जिथं तो आला होता, तिथं तिथं.

काचघरात हे मी कितीदा तरी बघितलं होतं. पण तिथं पंखे होते, पडदे होते, आम्ही होतो. इथं आभाळाखाली, चिखलात, बैलाच्या दावणीवर, कुणी बघत नसताना ती एकटी लढली होती आणि आपलं एवढंएवढंसं जाळून उरलेलं सगळं हिरवं राखलं होतं. जमादार वैरण खात होता, त्याला या सगळ्याचं काही नव्हतं.

मॅडमनी लांबूनच विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच बघा. खांद्याच्या बाजूनं या."

जनावरांसाठी सकाळीच दवाखान्यातून परतलेल्या वहिनी घरून आल्या तेव्हा मॅडमनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. "सुमनताई, आमच्या कामाच्या दृष्टीनं हे वर्ष वाया गेलं. दोन-तीन वेलींवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. हीच वेल कायमची टिकेल असंही वचन देत नाही, रोगही हुशार असतो, उद्या तो नवी वाट शोधेल. भुरी म्हणून दुसरा रोग आहे, त्याच्यासाठी एखाद वेळी गंधक लागेल. पण एक पान बघा." आणि त्यांनी पान आणि भिंग वहिनींच्या हातात दिलं.

वहिनी कितीतरी वेळ बघत होत्या. मॅडमनी समजावलं, रोग कुठं शिरला, पानानं काय केलं.

"म्हंजे पानानं आपल्याच हातानं आपलं अंग जाळलं?"

"हो. पण तेवढंच."

"आन बाकीचं पान?"

"हिरवं. बघताय ना."

वहिनींनी पान उलटं केलं, सुलटं केलं. मग घराकडं बघितलं. तिथं ओसरीवर तो जुना पंप पडला होता, तळाशी निळं पाणी सुकलेलं.

"आमच्या मानसाला एवढं कळाया पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. "कुठं थांबायचं ते."

तारवाल्याला त्यांनी तेव्हाच फोन लावून नको म्हणून सांगितलं. आणखी एक हंगाम. पण दोन अटी घातल्या. पहिली, पंप मी घेऊन जायचा. तो आजही माझ्या घरी माळ्यावर आहे, रझिया त्याच्याकडं संशयानं बघते. दुसरी अट आमच्या केंद्राच्या इतिहासात कुणी घातली नसेल. जमादारची दावण तिथून हलवून बागेच्या तोंडाशी, आत जायच्या वाटेवर घालायची. "आता जाऊ द्या पंप घेऊन," वहिनी म्हणाल्या, "बघू कसा जातोय ते."

पुढचं वर्ष हे माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. पुन्हा छाटणी, पुन्हा फूट, पुन्हा धुई. रोगाची ओळ पुन्हा पांढरी पडायला लागली. दवाखान्यातून केव्हाच घरी परतलेले माधवराव रोज सकाळी जमादारच्या अंगावर हात फिरवून बागेत यायचे आणि हात पाठीमागं बांधून ओळीतून हिंडायचे. हात मोकळे सोडले की ते आपसूक पानाकडं जायचे, मग पुन्हा बांधायचे. "भाई, काईच करायचं न्हाई?" हे रोज विचारायचे. "काहीच नाही दादा." "निस्तं बघायचं?" "नुसतं बघायचं." माणसाला याहून अवघड काम दुसरं देता येणार नाही.

फुलोऱ्याचे दिवस आले. द्राक्षाचं फूल दिसायला काहीच नसतं, हिरवट, मोहरीएवढं, पाकळ्याही धड नसतात. बागायतदाराला ते दिवस आठवतात ते भीतीनं, कारण फुलोऱ्यात रोग शिरला की घड गेला. म्हणून सर्वांत जास्त औषध याच दिवसांत. नाकातोंडाला फडकं बांधून सकाळ-संध्याकाळ मारायचं.

त्या दिवशी सकाळी धुई नुकती वर उठत होती. मी पानं उलटून बघत होतो. टिपके होते, लव नव्हती. एवढ्यात पलीकडच्या ओळीतून माधवरावांचा घाबरा आवाज आला.

"भाई! ओ भाई! कुनी काय मारलं बागंत?"

मी धावलो. ते ओळीच्या मध्ये उभे होते, नाक वर करून.

"वास येऊन राहिला. गोडसर. कोनत्या औषधाचा हाय ह्यो? म्या असला कदी घेतला न्हाई."

मीही थांबून हुंगलं. मंद, गोड, जरासा मधासारखा, सगळ्या ओळीत भरून राहिलेला. मला कळायला क्षणभर लागला.

"दादा, औषध नाही. फुलाचा वास आहे. द्राक्षाच्या फुलाचा."

मग समोरचा फुलोरा त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. वीस वर्षं बाग केलेला माणूस. वीस फुलोरे आले आणि गेले, आणि प्रत्येक फुलोऱ्यात हा माणूस नाकाला फडकं बांधून औषधाच्या ढगात उभा होता.

"द्राक्षाला वास असतो?" ते हळूच म्हणाले. मग घराकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले, "अगं ए! हिकडं ये! द्राक्षाला वास असतो म्हणं!"

वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन जमादारला वळसा घालून आल्या. माधवरावांनी त्यांच्यापुढं फुलोरा धरला आणि तो कसा हुंगायचा ते दाखवायला स्वतः डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. छाती पूर्ण भरेपर्यंत. मग सोडला. मग दुसरा घेतला.

मी वहिनींकडं बघितलं. त्या फुलाकडं बघतच नव्हत्या. मान जराशी कलती करून, पिठाचे हात अधांतरी धरून, त्या नवऱ्याचा श्वास ऐकत होत्या. आत जाताना आणि बाहेर येताना. त्यात शिट्टी नव्हती.